पैसे आपले, माल त्यांचा

फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. गाणं सहा रुपयांपासून मिळायचं, आणि हातात पडायची ती साधी एमपी-थ्री फाइल, कसलंही कुलूप नसलेली. दुकान जेमतेम सव्वा वर्ष चाललं. जून २०१३मध्ये ते बंद झालं तेव्हा कंपनीनं गिऱ्हाइकांना काही आठवड्यांची मुदत दिली: घेतलेली गाणी उतरवून घ्या. ज्यांनी उतरवून घेतली आणि नीट जपली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात. त्याच कंपनीनं नोव्हेंबर २०१२मध्ये ई-पुस्तकांचंही दुकान थाटलं होतं. ते डिसेंबर २०१५मध्ये गुंडाळलं. पण ही पुस्तकं कंपनीच्या ॲपमध्येच उघडायची, त्यामुळे ‘घेऊन जा’ असं म्हणायची सोयच नव्हती. वाचकांना कोबो या तिसऱ्याच दुकानाच्या हवाली करण्यात आलं. कोबो मूळची कॅनडातली, मालक जपानची राकुतेन. बंगळुरूच्या दुकानात पैसे मोजलेल्या वाचकानं आपलीच पुस्तकं वाचण्यासाठी तिकडे खातं उघडायचं आणि तिथल्या अटी मान्य करायच्या.

कंपनी एक, दुकानं दोन आणि दोन्ही बंद. एकीकडे गिऱ्हाईक माल घेऊन घरी गेलं, दुसरीकडे ते मालासकट विकलं गेलं. डिजिटल मालकीचा सगळा वाद या दोन दुकानांमधल्या फरकात मावतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. भाड्यानं घेण्यात काही गैर नाही. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून रात्रीत तीन सिनेमे पाहणाऱ्या पिढीला हे शिकवायला नको. वाचनालयाची वर्गणी भरणारा माणूस पुस्तक परत करताना हळहळत नाही. नेटफ्लिक्स किंवा स्पॉटिफायची महिन्याची वर्गणी हा त्यातलाच प्रकार. एप्रिल २०२३पासून एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या, तेव्हा प्रेक्षक चिडले, पण फसवणूक झाली असं म्हणता येत नव्हतं. वर्गणी होती, माल त्यांचा होता. माझी तक्रार आहे ती विक्रीची किंमत घेऊन भाडेपट्टा हातात ठेवणाऱ्या दुकानाबद्दल. बटणावर ‘खरेदी करा’, खालच्या बारीक अक्षरांतल्या अटींत ‘परवाना, रद्द होऊ शकणारा, हस्तांतर न करता येणारा’. ही बारीक अक्षरं कुणी वाचत नाही हे लिहिणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

छापील पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न कायद्यानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सोडवला. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशकानं ‘द कास्टअवे’ या कादंबरीच्या प्रतींवर सूचना छापली: किंमत एक डॉलर, त्याहून कमी किमतीला विकाल तर हक्कभंग समजू. मेसीज या दुकानानं ती ८९ सेंटला विकली. प्रकाशक कोर्टात गेला, आणि १९०८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला परत पाठवलं. प्रत एकदा विकलीत की त्या प्रतीवरचा तुमचा ताबा संपला. पुढे घेणारा ती कितीला विकतो, कुणाला देतो, यात तुम्हाला बोलायचं कारण नाही. मजकुराच्या नकला काढण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाकडे, पण ती एक प्रत घेणाऱ्याची. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४मध्ये हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत आहे: प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क हक्कधारकाचा, मात्र आधीच बाजारात आलेल्या प्रती त्यातून वगळलेल्या.

या एवढ्याशा वगळण्यावर केवढा संसार उभा आहे! पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अभियांत्रिकीची पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात आणि वर्ष संपलं की तोच दुकानदार ती परत घेतो. मुंबईत फोर्टच्या पदपथांवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. रद्दीच्या दुकानात कुणाच्या तरी ‘सप्रेम भेट’ लिहिलेल्या पहिल्या पानासकट दुर्मीळ आवृत्ती सापडते. यातल्या कुणीही कधी प्रकाशकाची परवानगी मागितलेली नाही, मागायची गरजही नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण नाशिकचं. २००९मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. एका पेटीत २५ पुस्तकं. पेटी एखाद्या सोसायटीत, कारखान्यात, रुग्णालयात, तुरुंगात जायची. तिथली मंडळी आपसांत वाचायची आणि काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे सरकून दुसरी यायची. लोकांच्या देणग्यांतून पेट्या वाढत गेल्या आणि दुबई, नेदरलँड्स, टोकियो अशा ठिकाणच्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. आता हीच पेटी ई-पुस्तकांची आहे अशी कल्पना करा. २५ ई-पुस्तकं एका खात्यावर घेतली. खातं दुसऱ्याला द्यायला अटींनुसार बंदी. एकेक पुस्तक पुढे पाठवायची सोय नाही. पेटी दुबईला न्यायची तर प्रत्येक पुस्तकाचा तिथला विक्रीहक्क कुणाकडे, हा प्रश्न. थोडक्यात, पेटी नाशिकमधूनच हलणार नाही. विमानाचं भाडं वाचलं, एवढाच फायदा.

हे असं का झालं, याचं तांत्रिक कारण साधं आहे. छापील पुस्तक वाचण्यासाठी त्याची नक्कल काढावी लागत नाही. डिजिटल फाइल मात्र उतरवली की नक्कल, उघडली की नक्कल, एका यंत्रातून दुसऱ्यात हलवली की नक्कल. आणि नकलेचा हक्क तर हक्कधारकाकडे. म्हणजे कागदाच्या जगात हक्कधारकाचा हक्क दुकानाच्या दारात संपायचा, तो आता वाचकाच्या उशाशी येऊन बसला. कंपन्यांनी ही संधी ओळखली आणि प्रत विकायचीच नाही, वापरायची परवानगी तेवढी द्यायची असं ठरवलं. परवानगी पाळली जावी म्हणून फाइलला कुलूप लावलं. कुलपाची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर.

त्या किल्लीचं काय होतं ते जगानं जुलै २००९मध्ये पाहिलं. अमेरिकेतल्या काही वाचकांच्या किंडलवरून एका रात्रीत दोन पुस्तकं नाहीशी झाली. ती विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते हे लक्षात आल्यावर ॲमेझॉननं ती दुरूनच पुसली आणि पैसे परत केले. पुस्तकं होती जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. ज्या कादंबरीत सरकार नको असलेले कागद भट्टीत टाकतं, नेमकी तीच. एवढी चपखल गोष्ट कुणा कथाकारानं रचली असती तर संपादकानं ‘जरा अतीच होतंय’ म्हणून परत पाठवली असती. एका शाळकरी मुलानं पुस्तकावर काढलेली टिपणं पुस्तकाबरोबर निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला आणि कंपनीनं तडजोड केली. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. माफी मनापासूनची होती असं धरून चालू. पण पुसण्याची सोय काढून टाकली गेली नाही. उलट फेब्रुवारी २०२५मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात टाकण्याची जुनी सोयच बंद झाली.

मायक्रोसॉफ्टनं २०१९मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. कुलपं उघडणारा सर्व्हर बंद झाला तशी घेतलेली सगळी पुस्तकं उघडेनाशी झाली. कंपनीनं पूर्ण पैसे परत केले, टिपणं काढणाऱ्यांना वर २५ डॉलरही दिले. व्यवहार म्हणून चोख. पण घरी येऊन कपाट रिकामं करून, टेबलावर पैसे ठेवून जाणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला आपण चोख म्हणू का? डिसेंबर २०२३मध्ये सोनीनं प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांना कळवलं की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ३१ तारखेला त्यांच्या संग्रहातून जातील, कारण डिस्कव्हरीशी असलेला करार संपतोय. या वेळी पैसे परत करण्याचंही नाव नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर करार किमान ३० महिने वाढवून घेतल्याचं जाहीर झालं. ‘विकत घेतलं’ या शब्दाची मुदत तीस महिने!

पुसण्याइतकाच बदलण्याचा प्रश्न गंभीर आहे, त्याची चर्चा मात्र कमी होते. २०२३मध्ये रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतले काही शब्द प्रकाशकानं नव्या आवृत्तीत बदलले. बदल योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. आधीच घेतलेल्या ई-पुस्तकांतही नवा मजकूर आपोआप येऊन बसल्याच्या बातम्या तेव्हा ब्रिटनमध्ये आल्या. कपाटातली छापील प्रत मात्र होती तशीच राहिली. आपल्याकडे जानेवारी २०२४मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट वादानंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. त्याबद्दलची एक तक्रार मुंबईतच झाली होती. हे वर्गणीचं प्रकरण, खरेदीचं नव्हे, हे मान्य. पण मोझर बेअरच्या २८ रुपयांच्या व्हीसीडीच्या काळात असा चित्रपट दुकानातून उचलला तरी घराघरांत उरला असता. मोझर बेअर कंपनी २०१८मध्ये अवसायनात निघाली. तिच्या चकत्या अजून चालतात, चालवायला प्लेअर तेवढा शोधावा लागतो. अभ्यासकाला, समीक्षकाला किंवा नुसत्या हौशी माणसाला मूळ रूपातली वस्तू पाहायची असेल तर ती कुणाच्या तरी मालकीची असावी लागते.

या सगळ्यावर न्यायालयांचं एकमत नाही. युरोपच्या न्यायालयानं जुलै २०१२मध्ये ओरॅकलच्या विरोधात निकाल दिला: कायमस्वरूपी वापरासाठी पैसे घेऊन सॉफ्टवेअर उतरवू दिलं असेल तर ती विक्रीच, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो. परवाना म्हणा की आणखी काही, व्यवहाराचं स्वरूप पाहा, असा त्याचा रोख. आता ई-पुस्तकांनाही हेच लागू होणार असं वाटत असताना त्याच न्यायालयानं डिसेंबर २०१९मध्ये टॉम कॅबिनेट या डच दुकानाच्या प्रकरणात उलटी बाजू घेतली. ई-पुस्तक झिजत नाही, वापरलेलं आणि नवं यात फरक राहत नाही, त्यामुळे जुन्या ई-पुस्तकांचा बाजार लेखकाला जुन्या छापील पुस्तकांच्या बाजारापेक्षा जास्त मारेल, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीनं वापरलेली गाणी विकण्यासाठी एक यंत्रणा बनवली होती. गाणं विकणाऱ्याच्या संगणकावरून तुकड्यातुकड्यांनी निघे आणि निघेल तसतसं तिथून पुसलं जाई, जेणेकरून एका वेळी प्रत एकच राहावी. डोकं चांगलं चालवलं होतं. २०१३मध्ये खालच्या कोर्टानं आणि २०१८मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की दुसऱ्या यंत्रावर पोचलेली फाइल ही नवी नक्कलच. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेनं व्हॉल्व्ह कंपनीविरुद्ध २०१९मध्ये तिच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातले गेम पुन्हा विकण्याचा हक्क जिंकला, २०२२मध्ये अपिलात तो गेला.

झिजण्याचा मुद्दा मला अर्धाच पटतो. फाइल झिजत नाही खरी, पण दुकानं बंद पडतात, फॉरमॅट बदलतात, खाती गोठवली जातात. छापील पुस्तकाला वाळवी लागायला वीस वर्षं तरी लागतात. मायक्रोसॉफ्टच्या पुस्तकदुकानाचं आयुष्य त्याच्या पाव भागाएवढंही नव्हतं. शिवाय पुनर्विक्रीची अडचण खरी मानली तरी त्यातून ‘दिलेलं परत घ्यायचा हक्क’ कसा निघतो, हे कुठल्याच निकालात नीट सांगितलेलं नाही.

गेमवाल्यांनी हा धागा पकडला, आणि आजवरचं सगळ्यात जोरकस आंदोलन त्यांचंच आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४मध्ये आला. एकट्यानं खेळायचे टप्पेही त्यात होते, पण सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि मागाहून लोकांच्या खात्यांतले परवानेही काढून घेतले गेले. पेटीबंद डिस्क घेतलेल्यांच्या हाती राहिली ती चकाकणारी चकती. रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम सुरू केली. मागणी माफक: सर्व्हर कायम चालवा असं आम्ही म्हणत नाही, बंद करताना गेम आपापल्या यंत्रावर चालेल अशा अवस्थेत सोडा. युरोपीय संघाच्या नागरिक पुढाकाराखाली लागणाऱ्या दहा लाख सह्यांचा टप्पा जुलै २०२५मध्ये ओलांडला गेला. कॅलिफोर्नियातल्या खटल्यात कंपनीचं उत्तर अपेक्षेप्रमाणे होतं: तुम्ही गेम घेतला नव्हता, परवाना घेतला होता.

गेम म्हणजे पोराटोरांचा उद्योग असं समजून पान उलटणाऱ्यांनी जरा थांबावं. जुलै २०२५मध्ये नायरा एनर्जीच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि टीम्स बंद पडले. कंपनीचं मुख्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनारला. तीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा, म्हणून युरोपीय संघानं निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टनं सेवा रोखली. भारताचा किंवा अमेरिकेचा कुठलाही निर्बंध नव्हता, परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले होते असं नायराचं म्हणणं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा सुरू झाली. देशातल्या मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एकीची ही गत, तर डोंबिवलीतल्या सीएच्या ऑफिसची काय कथा.

मराठी छपाईच्या धंद्यातल्या लोकांना यातलं काही नवीन वाटणार नाही. नव्वदच्या दशकापासून डीटीपीवाल्याच्या सीपीयूच्या मागे डोंगल लावलेलं असायचं. देवनागरी फाँटचं सॉफ्टवेअर ते डोंगल असल्याशिवाय चालायचं नाही. डोंगल हरवलं, पिन वाकली की काम ठप्प. दिवाळी अंकाच्या धामधुमीत ते शेजारच्या दुकानातून तासाभरासाठी उसनं आणायचं. फाइलही त्याच फाँटात अडकलेली, दुसऱ्या यंत्रावर उघडली की नुसती चिन्हांची खिचडी. लोक त्या डोंगलला शिव्या घालायचे. पण ते डोंगल खिशात घालता यायचं. धंदा बंद केला तर यंत्रासकट दुसऱ्याला देऊन टाकता यायचं. निर्मात्याला फोन करून विचारावं लागत नव्हतं. २०१३मध्ये ॲडोबनं नव्या आवृत्त्या विकणं थांबवून फक्त महिन्याची वर्गणी ठेवली आणि हेही संपलं. आता महिन्याचे पैसे चुकले की स्वतःच्याच जुन्या फाइली उघडायच्या कशा, ही पंचाईत.

आता आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथे एक मजा आहे. सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो ग्राहकामुळे नव्हे, करामुळे. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या २००४च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की चकतीवर मिळणारं तयार सॉफ्टवेअर हा माल, त्यावर विक्रीकर लागतो. मग मार्च २०२१मध्ये ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’चा निकाल आला. आयकर खात्याचं म्हणणं होतं की परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरपोटी दिलेले पैसे म्हणजे कॉपीराइटच्या वापराची रॉयल्टी, कर कापा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या बाजूनं उत्तर आलं: छे, करारात परवाना म्हटलं असलं तरी हा परवाना नव्हेच, ही कॉपीराइट असलेल्या वस्तूची साधी विक्री. न्यायालयानं हे मान्य केलं आणि कर वाचला. म्हणजे आयकर खात्यासमोर विक्री, गिऱ्हाइकासमोर परवाना! आणि जीएसटीत तिसरंच: छापील पुस्तकावर कर नाही, तेच ई-पुस्तक म्हणून घेतलं की ती ऑनलाइन सेवा ठरते, २०१८पासून छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के. एकच वस्तू, तीन खिडक्यांवर तीन नावं. यात दरवेळी हरतो तो शेवटच्या खिडकीवरचा माणूस.

वारशाचा प्रश्न अजून आपल्या घरांत फारसा आलेला नाही, पण येणार आहे. आजोबांच्या तबकड्या, वडिलांची पुस्तकं यावरून भावंडांत वाद होतात, तेवढी त्यांची किंमत असते. ॲपलनं २०२१च्या अखेरीस ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय केली; निधनानंतर नेमलेल्या माणसाला फोटो, संदेश, टिपणं मिळतात. विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं मात्र त्यातून स्पष्ट वगळलेली आहेत. स्टीमनंही २०२४मध्ये एका गिऱ्हाइकाला कळवलं की खातं मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही. मृत्युपत्र करून घेणाऱ्या वकिलांनी ही बाब अशिलाच्या कानावर घालायला हरकत नाही.

प्रकाशकांची बाजू पोकळ नाही. मराठीत हजाराची आवृत्ती खपायला वर्षं लागतात, आणि पुस्तक बाजारात येऊन पंधरवडा होत नाही तोच त्याचं स्कॅन केलेलं पीडीएफ टेलिग्रामवर फिरतं, ‘वाचनप्रेमी’ नावाच्या ग्रुपवर. कुलूप लावणाऱ्या प्रकाशकाला दोष देण्याआधी त्या ग्रुपवर हात जोडल्याचं चिन्ह टाकणाऱ्यांनी स्वतःकडे पाहावं. पण कुलपानं हे थांबलं का? फिरणारी बहुतेक पीडीएफं छापील पुस्तकाची स्कॅनं असतात, ई-पुस्तकाचं कुलूप तोडून काढलेली नव्हेत. कुलूप अडवतं ते पैसे देणाऱ्यालाच. गाण्यांच्या धंद्यानं हे आधी ओळखलं. २००९पर्यंत आयट्यून्सवरची गाणी कुलपाविना मिळू लागली आणि आभाळ कोसळलं नाही. गेममध्ये जीओजी हे दुकान २००८पासून, विज्ञानकथांत टॉर हे प्रकाशन २०१२पासून कुलपाविना विकतंय. मराठीत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवून घेता येतात. उद्या मंडळाचं संकेतस्थळ बंद पडलं तरी उतरवलेली प्रत राहते. ती फुकट आहे म्हणून नव्हे, साधी फाइल आहे म्हणून.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर भारतीय वाचकाची स्थिती अमेरिकन वाचकापेक्षा थोडी बरी आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगतं, पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तर. स्वतः घेतलेलं पुस्तक स्वतःच्या दुसऱ्या यंत्रावर वाचण्याचा हेतू त्यात सहज बसत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणारी अट तीत नाव घेऊन येते. अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाला आहे. ई-पुस्तकाच्या किंवा सिनेमाच्या ‘खरेदी’वर हे हत्यार अजून कुणी पुरेसं परजलेलं नाही.

कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२४मध्ये केलेला आणि १ जानेवारी २०२५पासून लागू झालेला कायदा छोटा पण कामाचा आहे. कायमची उतरवून ठेवता येणार नाही अशी डिजिटल वस्तू ‘खरेदी’ या शब्दानं विकायची असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ठळकपणे सांगा, नाहीतर तसं गिऱ्हाइकाकडून कबूल करून घ्या. कायदा लागू होण्याआधीच स्टीमनं पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. त्यामुळे कुणाला काही जास्तीचं मिळालं नाही, पण दुकानदार काय विकतोय हे त्याला तोंडानं बोलावं तरी लागलं. माझ्या मते एवढ्यावर थांबू नये. ज्यानं विक्रीची किंमत घेतली, त्यानं दुकान बंद करताना फाइल कुलपाविना उतरवू द्यावी, मजकूर वाचकाला न विचारता बदलू नये, आणि माणूस गेल्यावर एका वारसाला संग्रह मिळू द्यावा. पुनर्विक्रीचा वाद तूर्त बाजूला राहिला तरी चालेल. या तीन गोष्टींनी कुठल्याही लेखकाचा एक रुपया बुडत नाही.

तोवर वाचकानं करण्यासारखं बरंच आहे. ‘खरेदी’ दिसलं की फाइल उतरवता येते का ते आधी पाहावं. येत असेल तर त्याच दिवशी उतरवून दोन ठिकाणी ठेवावी. येत नसेल तर भाड्याइतकेच पैसे द्यावेत, त्याहून जास्त नाही. आणि घेतलेलं काही नाहीसं झालं तर गप्प न बसता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, पावतीसकट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ला ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार आहेत. टोपलीत गुपचूप वस्तू टाकण्यापासून वर्गणीच्या सापळ्यापर्यंत. परवान्याला खरेदी म्हणण्याचा प्रकार त्यांत नाव घेऊन आलेला नाही. तो चौदावा म्हणून घालायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही, प्राधिकरणाची एक अधिसूचना पुरते.